ट्वी भाषेत पाऊस, ऊन आणि ऑपॅ: हवामानाचे शब्द कसे शिकायचे

कामासाठी घानाला जाणार असाल, म्हणजे आक्रा, तेमा किंवा कुमासीला, किंवा ऑफिसात कुणी घानाचा सहकारी आहे आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावेसे वाटतात, तर हवामानापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते. जेवण, पैसे, नाती या विषयांत शिष्टाचार बराच सांभाळावा लागतो. पाऊस मात्र कुणाशीही बोलता येतो, ट्रोट्रोत शेजारी बसलेल्या माणसाशी सुद्धा (ट्रोट्रो म्हणजे तिकडची शेअर मिनीबस), आणि रोज आकाशाकडे बघितलं की प्रॅक्टिस आपोआप होते.

आधी उच्चार, कारण इथे आपण मराठी लोक नशीबवान आहोत. भाषेचं नाव आपण स्पेलिंग बघून ट्वी म्हणतो, पण ते लोक जे म्हणतात ते च्वी च्या जास्त जवळचं आहे, ओठ गोल करून. ही घानातल्या आकान भाषेची एक शाखा, आकानमध्ये आसान्ते च्वी, आक्वापेम च्वी आणि फान्ते हे मोठे प्रकार. लिपी रोमन आहे, पण दोन अक्षरं जास्तीची: एक तीनचा आकडा उलटा काढल्यासारखं दिसतं आणि एक उलटा सी. उलटा सी म्हणजे सरळ आपला 'ऑफिस'मधला ऑ. उलटा तीन म्हणजे ए आणि ॲ यांच्या मधला उघडा आवाज, मी तो ॲ लिहिते, म्हणताना तोंड 'बॅट'इतकं उघडू नका, जरा कमी. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची या दोन स्वरांवर बरीच दमछाक होते, आपल्याकडे अक्षरंच तयार आहेत, त्यामुळे वहीत देवनागरीत लिहून ठेवायला अजिबात लाजू नका. के-वाय लिहिलेलं दिसलं की 'चिंच'मधला च म्हणायचा ('चमचा'मधला नाही), जी-वाय दिसलं की 'जीव'मधला ज, आणि एच-वाय दिसलं की श्य सारखं. शब्दाच्या सुरुवातीला न् किंवा म् एकटा आला, जसं न्सुओ, म्फ्रामा, तर त्याला स्वतःचा एक ठोका द्यायचा, म्हणजे 'नसुओ' करायचं नाही आणि न् गिळायचा पण नाही, ओठ-जीभ जागेवर ठेवून क्षणभर गुणगुणायचं आणि मग पुढे.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण काय करतात, हवामानाच्या शब्दांची यादी काढतात, पाऊस म्हणजे हे, वारा म्हणजे ते, वीस शब्द पाठ, आणि प्रत्यक्षात समोर कुणी काही बोललं की एकही सेंटेन्स कळत नाही. कारण च्वीमध्ये हवामानाचं जे काही आहे ते नाम आणि क्रियापद अशा जोडीने येतं, प्रत्येक गोष्ट काहीतरी 'करते'. आणि ही जोडी आपल्याला नवीन नाहीच! आपला पाऊस पडतो, वारा सुटतो, ऊन लागतं, थंडी वाजते, आभाळ येतं. तुम्ही कधी नुसतं 'पाऊस' शिकला नाहीत, 'पाऊस पडतो' शिकलात. तसंच इथे करायचं, जोडी सोडून शब्द वहीत लिहायचाच नाही.

पहिली जोडी न्सुओ आणि तॉ. न्सुओ म्हणजे पाणी, पावसालाही बोलताना तेच म्हणतात (ओसुओ असंही ऐकाल), आणि तॉ म्हणजे पडणं. न्सुओ रेतॉ म्हणजे पाऊस पडतोय. एवढं एक वाक्य नीट घोळवा, कारण यातलं क्रियापद फिरवून फिरवून अख्खे काळ शिकून होतात, वेगळं व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसायला लागत नाही. न्सुओ बॅतॉ, पाऊस पडेल. न्सुओ आतॉ, पाऊस पडलाय. ॲन्नोरा न्सुओ तॉयॅ, काल पाऊस पडला. म्हणजे रे लागला की चालू आहे, बॅ लागला की होणार, आ लागला की झालंय, आणि शेवटी यॅ आला की झालं गेलं. तॉच्या पुढे वाक्यात अजून काही यायचं असेल तर तो यॅ जातो आणि स्वर लांबतो, न्सुओ तॉऽ ॲन्नोरा. आणि एक सांगून ठेवते, कुमासीकडे लोक भरभर बोलतात तेव्हा रेतॉ मधला र ऐकूच येत नाही, मागचा स्वर फक्त लांबल्यासारखा वाटतो, तेव्हा र ऐकायची वाट बघत बसू नका, स्वर लांबला का ते ऐका.

नकार हा जरा अवघड भाग आहे, इथे थांबून वेळ द्या. नकाराला क्रियापदाच्या आधी न् येतो. न्सुओ रेन्तॉ म्हणजे पाऊस पडत नाहीये किंवा पडणार नाही, दोन्हीला एकच रूप, संदर्भावरून कळतं. पण भूतकाळात गंमत अशी की रूपं अदलाबदल होतात. न्सुओ आन्तॉ, यात आ आहे म्हणून आपल्याला वाटतं 'पडलेला नाही', पण याचा अर्थ 'पाऊस पडला नाही', काल वगैरे, विषय संपला. आणि न्सुओ न्तॉयॅ, यात शेवटी यॅ आहे म्हणून वाटतं 'पडला नाही', पण याचा अर्थ 'अजून पडलेला नाही'. होकारात जी खूण एका काळाची, नकारात ती दुसऱ्या काळाची. हे फक्त पावसाचं नाही, या भाषेतली सगळीच क्रियापदं असं वागतात, आणि म्हणूनच ते पावसावर शिकून घ्यावं असं मला वाटतं, कारण पाऊस पडला नाही आणि पाऊस अजून पडलेला नाही यातला फरक शेतकऱ्याच्या पोरांना काय समजावून सांगायचा, तो आपल्याला आतून माहिती असतो. रोज सकाळी ही दोन वाक्यं पाठोपाठ म्हणा, आठवड्याभरात जीभ बसते.

जर-तर पण इथेच उरकून घ्या. सॅ न्सुओ तॉ आ, मेरेन्कॉ, म्हणजे पाऊस पडला तर मी जाणार नाही. सॅ म्हणजे जर, आणि तो शेवटचा सुटा आ म्हणजे आपला तर, अगदी त्याच जागी, आणि आपण जसं बोलताना जर खाऊन टाकतो तसं तेही सॅ खातात, न्सुओ तॉ आ एवढ्यावर काम होतं. तर मात्र आपल्याला सोडता येत नाही, त्यांना आ सोडता येत नाही.

पावसाआधी काय होतं? आभाळ भरून येतं. त्याला न्सुओ आमुना म्हणतात किंवा एविएम आमुना. एविएम म्हणजे वर हवेत, आकाशात, आणि मुना हे क्रियापद माणसाच्या चेहऱ्यालाही वापरतात, कपाळाला आठ्या घालून तोंड पाडून बसला की तो पण मुना. ढगाला ओमुनुन्कुम, आवाज जवळचा आहे म्हणून मुनाबरोबरच लक्षात ठेवा. मग न्सुओ रेबा, पाऊस येतोय (बा म्हणजे येणं). छत्रीला चिनीयॅ. आणि छत्री नसली की न्सुओ आबोरो मे, पावसानं मला झोडपलं, बोरो म्हणजे मारणं, बडवणं. हे वाक्य मराठी माणसाला पाठ करावं लागतच नाही! घानाचे लोक इंग्रजी बोलताना सुद्धा पावसानं मारलं असंच म्हणतात, आता का ते कळेल. पाऊस थांबला की न्सुओ नो आज्याए. बिबट्याची एक आकान म्हण पण आहे, पाऊस बिबट्याला भिजवतो पण त्याच्या अंगावरचे ठिपके काही धुऊन जात नाहीत.

गडगडाट म्हणजे आप्रान्ना, वीज म्हणजे आन्यिनाम. आन्यिनामच्या पुढे ताकद या अर्थाचा आहोऑदेन जोडला की घरातली वीज झाली, म्हणजे तिथेही आकाशातली आणि घरातली वीज एकाच शब्दातून आली, आपल्यासारखीच. आणि विजेवरून निघालंच आहे तर दुम्सॉ हा शब्द शिकून घ्या, दुम म्हणजे विझणं, सॉ म्हणजे पेटणं, दोन्ही मिळून लोडशेडिंग. हा हवामानाचा शब्द वाटत नाही, पण व्होल्टा नदीवरचं आकोसोम्बो धरण, जे 1966 साली सुरू झालं, त्यावर देशाची वीज इतकी वर्षं अवलंबून होती की पाऊस कमी, तळ्यात पाणी कमी, आणि मग घरात अंधार, हा हिशोब तिथल्या लोकांनी अनेकदा भोगलाय. दुम्सॉच्या मागे इंधन आणि पैशांची कारणं पण असतात, नुसता पाऊस नाही, पण पावसाच्या गप्पांमध्ये हा शब्द हमखास येतो.

पूर म्हणजे न्सुयिरी, वादळ म्हणजे आहुम. हे शब्द बातम्यांत येतात आणि हलके शब्द नाहीत. आक्राला 3 जून 2015 ला जो पूर आला, त्यात पेट्रोल पंपावर स्फोट होऊन दीडशेहून जास्त माणसं गेली, ती तारीख तिकडे लोकांना अजून लक्षात आहे. तेव्हा जूनमध्ये आक्रात कुणी न्सुयिरी म्हटलं तर लक्ष देऊन ऐका.

दुसरं कामाचं क्रियापद बॉ, मारणं, आदळणं. म्फ्रामा रेबॉ, वारा सुटलाय. आविया रेबॉ, ऊन पडलंय. आविया म्हणजे सूर्य, ऊन, आणि दुपार सुद्धा, संदर्भ बघायचा. दुपार, संध्याकाळ वगैरे हवामानाबरोबरच शिका: आनॉपा सकाळ, आविया दुपार, आन्वुम्मेरॅ संध्याकाळ, आनाज्वो रात्र. सूर्य उगवतो त्याला पुए, बाहेर पडणं, म्हणून पूर्व दिशा आपुएॲ. आणि पश्चिम आतॉयॅ, तिथे आपला तॉ परत आला बघा, सूर्य पडतो ती दिशा.

थंडी वाजते हे कसं म्हणायचं? आवॉ दे मे. शब्दशः थंडीने मला धरलंय. मी थंड आहे असं म्हणायचं नाही! कर्ता थंडी आहे, मी नाही, आणि हे इंग्रजीच्या सवयीने शिकणाऱ्याचं पहिल्यांदा हमखास चुकतं, मराठीत विचार केला तर चुकणार नाही, मला थंडी वाजते यात वाजणारी थंडीच असते. हाच साचा भुकेला, ॲकॉम दे मे. तहानेला, न्सुकॉम दे मे. एक साचा, तीन वाक्यं, लगेच कामाला. जोर द्यायचा तर शेवटी पाआ लावा, आवॉ दे मे पाआ, जाम थंडी वाजतेय. थोडंसं असेल तर काक्रा, न्सुओ रेतॉ काक्रा, पाऊस थोडा थोडा पडतोय. अती झालं तर दोदो. उकाडा म्हणजे आहुहुरो, आणि 'इथे गरम होतंय'ला ॲहा यॅ श्ये.

आता ऋतू, आणि इथे आपलं डोकं जरा बाजूला ठेवावं लागतं. आपण लगेच उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन खण मांडतो आणि तिकडचे शब्द त्यात भरायला बघतो. ते बसत नाहीत. दक्षिण घानात, म्हणजे जिथे च्वी मुख्यतः बोलली जाते तिथे, पावसाळे दोन आहेत. मोठा पावसाळा साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो, मे-जूनमध्ये जोरात असतो, जुलैत ओसरतो. ऑगस्टमध्ये उघडीप. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान पावसाळा. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडा काळ. उत्तरेला तामालेकडे गेलात तर पावसाळा एकच, पण तिथली मुख्य भाषा पण वेगळी, दागबानी. शिवाय सगळीकडे सारखा पाऊस नाही, नैऋत्येला आक्सिमला वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पडतो, कुमासीला साधारण 1400, आणि आक्रा समुद्रकाठी असून सुद्धा साधारण 800 मिलिमीटरवरच. मुंबई-कोकणच्या माणसाला समुद्र म्हणजे धो धो पाऊस असं वाटतं, ते इथे विसरा. आणखी एक, आक्राचा सगळ्यात गार महिना ऑगस्ट, डिसेंबर-जानेवारी नाही, कारण तेव्हा किनाऱ्याजवळ समुद्राचं खालचं थंड पाणी वर येतं.

पावसाळ्याला ओसुतॉ बेरॅ. बघा, ओसु अधिक तॉ, पाऊस पडण्याचा, आणि बेरॅ म्हणजे काळ, वेळ. आसुसोव हा पावसाळ्याचा जुन्या वळणाचा शब्द पण लिखाणात भेटेल. कोरड्या काळाला ऑपॅ किंवा ऑपॅ बेरॅ. आणि ऑपॅ हा शब्द मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला मराठीत एक शब्द नाहीच. सहारा वाळवंटावरून ईशान्येकडून कोरडा वारा येतो, त्याला जग हरमाटान म्हणतं. आकाश पांढुरकं, सगळीकडे म्फुतुरो म्हणजे धूळ, पहाटे गारवा, दुपारी कोरडं ऊन, ओठ फुटतात, कातडी पांढरी पडते. म्हणजे यात आपला हिवाळा पण आहे आणि उन्हाळा पण, आणि दोन्हीपैकी काहीच नीट नाही. म्हणून वहीत ऑपॅ म्हणजे हिवाळा असं लिहू नका, उन्हाळा पण लिहू नका, धूळ-ओठ-वारा असं चित्र डोक्यात बसवा. ऑपॅ आबा, ऑपॅ आला. मानो आपाए, माझे ओठ फुटलेत. त्यावर उपाय न्कुतो, शिया बटर, जे आता आपल्याकडच्या क्रीमच्या डब्यांवर पण लिहिलेलं असतं, ते उत्तर घानातल्या बायका शियाच्या बियांपासून काढतात. ऑपॅ लांबला की दुष्काळ, 1983 साली घानात तसं झालं, पिकं वाळली, वणव्यांनी शेतं आणि कोकोच्या बागा जळल्या, लोकांचे खाण्याचे फार हाल झाले, त्या पिढीतल्या माणसाशी ऑपॅवर बोलताना हे माहिती असावं.

ऑपॅवरून सूर पण शिका. च्वीत आवाज वर-खाली केला की अर्थ बदलतो, आणि लिहिताना ते वर-खाली दाखवत नाहीत. ऑपॅ असं लिहिलेलं 'त्याला आवडतं' सुद्धा असतं. मी सूर लिहून शिकवू शकत नाही आणि कुणी तसं शिकवलं तरी फार उपयोग नाही, हे कानानेच शिकायचं. घानाच्या मित्राकडून दोन्ही ऑपॅ फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि पाठोपाठ ऐका.

महिन्यांची नावं शिका असं मी म्हणेन, जरी रोजच्या बोलण्यात बरेच लोक इंग्रजी महिनेच वापरतात. कारण ऋतू त्या नावांत दडलेले आहेत. डिसेंबर ऑपॅनिमा, जानेवारी ऑपॅपॉन, दोन्हीत ऑपॅ आहे. ऑपॅपॉनमधलं पॉन म्हणजे थोर, मोठा. एप्रिल ओफोरिसुओ, शेवटी सुओ ऐकू येतो, आणि पाऊस धरायला लागतो तो हाच काळ. सप्टेंबर ॲबॉ, आणि ॲबॉ म्हणजे धुकं पण. बाकीची क्रमाने: फेब्रुवारी ऑजेफुओ, मार्च ऑबॅनेम, मे कॉतोनिम्मा, जून आयॅवोहोमुमॉ, जुलै कितावोन्सा, ऑगस्ट ऑसानाआ, ऑक्टोबर आहिनिमे, नोव्हेंबर ओबुबुओ. सगळी एकदम नका घेऊ, चालू महिना आणि पुढचा एवढंच.

उरलेले शब्द पटकन: दव बोसुओ, इंद्रधनुष्य न्यान्कोन्तॉन, चांदणी न्सोरोम्मा, गारा आसुकॉच्वेआ. बर्फाला सुचेरॅम्मा आहे, घानात बर्फ पडत नाही, पण बायबलच्या भाषांतरात तो लागला. अख्खं बायबल 1871 साली च्वीत आलं, योहान गॉटलिब क्रिस्टालर या मिशनऱ्याने आक्वापेमच्या बोलीवर ते बेतलं, आणि त्यानेच 1881 ला मोठा शब्दकोश काढला. त्यामुळे जुन्या लिखाणात आक्वापेमची वळणं दिसतात, न्सुओच्या जागी न्सु किंवा ओसु, आवियाच्या जागी ओविया. गोंधळायचं नाही, शब्द तोच. ही दोन वळणं लक्षात ठेवायला देवाची दोन विशेषणं फार उपयोगी पडतात: आकान लोक न्यामे म्हणजे परमेश्वराला आमोसु म्हणतात, पाऊस देणारा, आणि आमोविया, सूर्य देणारा.

रोज करायचं काय, तर खिडकीशी उभं राहून तीन वाक्यं: काल काय झालं, आत्ता काय चाललंय, उद्या काय होईल. ॲन्नोरा (काल), सेसेइ (आत्ता), ऑचेना (उद्या). पुण्यात बसून केलं तरी चालतं, जूनमध्ये तर रोज न्सुओ आहेच. कुणी भेटलं की विचारा, ॲन्नॅ एविएम ते सॅन, आज हवा कशी आहे? किंवा न्सुओ बॅतॉ आना, पाऊस पडेल का? शेवटचा आना म्हणजे आपला का. उत्तर आने (हो), दाबी (नाही), किंवा एबिया न्सुओ बॅतॉ, कदाचित पडेल. वयाने मोठ्या माणसाला विचारताना आधी मेपा वो च्यॅव म्हणा, म्हणजे कृपा करून, हे गाळू नका, तिकडे वाईट दिसतं.

ऐकायला पीस एफएम, आदोम एफएम ही घानाची रेडिओ स्टेशनं इंटरनेटवर लागतात आणि च्वीत बोलतात, सुरुवातीला फक्त न्सुओ आणि आविया किती वेळा येतं ते टिपत ऐका, अर्थ नंतर. गुगल ट्रान्सलेटमध्ये च्वी 2022 पासून आहे, आपली कोकणी ज्या खेपेत आली त्याच खेपेत. सुटा शब्द बघायला ठीक, पण आन्तॉ आणि न्तॉयॅ मधला फरक मशीनवर सोडू नका, तो माणसाला विचारून पक्का करा. वहीत मात्र एकच बोली धरा, कुमासी-आक्राला जाणार असाल तर आसान्ते, आणि दुसऱ्या बोलीचं रूप भेटलं की त्याच ओळीत पेन्सिलीने लिहा.